सुपारीच्या पाठीची उजवी बाजू

निवास, सुपारीची पाठ बरी झाली.

सगळ्यात आधी हेच सांगतो, कारण तू असतास तर पहिलं हेच विचारलं असतंस. माझा दमा, दुकान, पोरीचं लग्न, सगळं मागनं. "घोडीची पाठ काय म्हणतीया?" मी तोंड वाकडं करायचो आणि तू खुशाल हसायचास. आता तोंड वाकडं करायची वेळ गेली. खपली पडली, खाली नवे केस आलेत, बोटानं दाबलं तरी घोडी कातडी थरथरवत नाही. तू गेल्यावर आम्ही चार-दोनदा डोंगराकडं जाऊन आलो. तेच खोगीर, तोच खोगिराखालचा नमदा, तीच माझ्या हातची शिलाई. जखम काही परत उघडली नाही.

सुजाता डॉक्टरनी मागच्या आठवड्यात पाठ तपासली. कराडात बसून अख्ख्या तालुक्याची जनावरं बघणारी बाई, पण त्यांनीही दोनदा हात फिरवला.

"हसनभाई, खोगीर बदललंत का?"

"न्हाई."

"मग केलंत तरी काय?"

काही केलं नाही गड्या. त्या पायी झोप उडाली माझी. एवढी वर्षं आपण त्या खोगिरावरनं भांडलो, फाडलं, शिवलं, परत फाडलं, आणि तू गेलास की ते आपोआप बसलं? असं कुठं असतं का?

आठवतंय, तू दुकानात पहिल्यांदा आलास तो दिवस? मलकापुरात हायवेच्या कडेला माझं दुकान. ट्रॅक्टरची, बुलेटची, सोफ्याची सीट शिवायचं. तू खांद्यावर काहीतरी लोखंडी-लाकडी सांगाडा टाकून आत घुसलास आणि धाडकन टेबलावर आपटलास. "ह्याची गादी भरून दे." मी म्हटलं, कुठल्या गाडीचं हाय? तू म्हणालास, "चार पायाची." फौजेच्या भंगारातलं जुनं खोगीर होतं ते. वर दोन लोखंडी कमानी, दोन्ही अंगाला दोन लाकडी फळ्या. तू तोफखान्यातनं हवालदार होऊन पेन्शनीत आलेला, कृष्णेकाठी ऊस, घरात सगळं ठीकठाक, आणि या वयात डोक्यात घोडा. मला वाटलं, माणूस येडा हाय. पुढच्याच महिन्यात त्याच येड्यानं मला त्याच्या घोड्यावर, साखऱ्यावर बसवलं आणि आगाशिवाच्या डोंगराच्या पायथ्याला फिरवून आणलं. माझ्या मांड्या आठवडाभर दुखत होत्या. बायको म्हणाली, आता बास. मी म्हटलं, आता घोडी घ्यायची.

तूच बाजारातनं ही तांबडी घोडी निवडून आणलीस. तुझा पांढरा साखऱ्या, माझी सुपारी. तुझ्या गावानं काय सोडलं नाही आपल्याला. पारावरचे म्हातारे रोज विचारायचे, "साखर-सुपारी तर झाली, आता हळद कवा?"

तिचं खोगीर मी हौसेनं केलं. तसाच एक सांगाडा तू कुठनं तरी पैदा केलास आणि मी त्यावर माझी सगळी कला ओतली. खाली चांगला जाड फोम, वर रेक्झिन, कडेनं लाल दोरा. बसायला असं मऊ की काय सांगू. पहिल्याच फेरीत फोम दबून पापड झाला आणि घोडीच्या पाठीवर टेंगूळ. तू ते उलटं करून बघितलंस आणि माझ्याकडं बघितलंस.

"हसन्या, ही घोडी हाय लेका, बुलेट न्हाई."

वाकळेसारखा उसवून टाकला तो फोम आपण. मग मला शिकावं लागलं. ॲल्युमिनियमची जाड तार घोडीच्या पाठीवर वाकवायची, तिचा आकार पुठ्ठ्यावर काढायचा, आणि त्या पुठ्ठ्यापरमाणं फळीखालचा नमदा, म्हणजे लोकरीचा तो जाड थर, तासत जायचं. पुढच्या कमानीखालनं हात सहज गेला पाहिजे. मणक्याला काही टेकता कामा नये. फळी सगळीकडं सारखी बसली पाहिजे, मध्ये पोकळ राहिली तर दोन टोकं टोचतात. फिरून आल्यावर खोगीर काढायचं आणि घाम बघायचा. जिथं दाब जास्त तिथं पाठ कोरडी राहते. हे सगळं मी तुझ्यासंगती शिकलो. चुकतही तुझ्यासंगतीच गेलो. तू स्वतःच्या मनानं सांगायचास आणि निम्म्या वेळा चूक सांगायचास, पण ठासून सांगायचास, हवालदार ना तू.

पाठ डावीकडं कायम झकास असायची. उजवीकडं, मागच्या बाजूला, तळव्याएवढी जागा कोरडी. तिथंच सूज, तिथंच जखम. मी उजवीकडं नमदा जाड केला, जखम वाढली. पातळ केला, खोगीर एका अंगाला घसरायला लागलं. घोंगडीच्या घड्या घातल्या. डॉक्टर म्हणाल्या, "हसनभाई, तुमची ही खोगीरभरती बंद करा आता, त्या घोडीला विश्रांती द्या." विश्रांती दिली की जखम भरायची. बसलो की महिन्या-दीड महिन्यात परत तिथंच.

आणि तू? तुझं एकच पालुपद. "खोगीर झकास हाय. तू वाकडा बसतोस."

किती राग यायचा मला! माझ्या हातच्या कामाला तू चांगलं म्हणत होतास, पण मला ते ऐकूच येत नव्हतं. मला एवढंच कळायचं, की हा मला वाकडा म्हणतोय. एकदा तर मी तुझ्या मोकळ्या रानात घोडी फिरवून दाखवली. तू बांधावर उभा राहून मागनं बघत होतास. गोल फेऱ्या मारल्या, दुडक्या चालीनं पळवली. खाली उतरून विचारलं, बोल, हाय वाकडा? तू डोकं खाजवलंस. "सरळ बसलायस की लेका." मी जिंकलो म्हणून चहा तुझ्याकडनं. पण जाता जाता तू माझ्या उजव्या रिकिबीला, पाय ठेवायच्या त्या कडीला, हात लावलास. "ही चामड्याची वादी डाव्या वादीपेक्षा बोटभर लांबलीया बघ. चढतोस तर डाव्या रिकिबीत पाय घालून. मग उजवी कशी ताणली?" मी म्हटलं, चामडं कच्चं निघालं असंल. तुलाही ते पटलं. तेव्हा तरी मला असंच वाटलं.

तुझा उजवा कान तोफेनं नेला होता. हे इतकं जुनं झालं होतं की आपल्या दोघांच्या ध्यानातही नसायचं. कानाचं मशीन मिळालं होतं, ते तू कपाटात ठेवलंस. म्हणे त्यातनं उसाच्या ट्रॉलीचा आवाज लय मोठा येतो आणि माणसाचा बारीक. त्यामुळं मी कायम तुझ्या डाव्या हाताला. टपरीवर, तुझ्या घरच्या सोप्यात, मयताला, लग्नात जेवायला बसलं तरी. रानातल्या गाडीवाटेला दोन चाकोऱ्या असतात. डावी माझी, उजवी तुझी, आणि मधल्या गवतावरनं आपलं बोलणं. सुजाता डॉक्टरही संगती यायच्या, त्यांचा घोडा पुढं. "तुमची दोघांची कटकट ऐकण्यापेक्षा मी पुढं जाते," म्हणायच्या.

काय बोलायचो आपण एवढं? आता आठवायला गेलो तर काही धड सापडत नाही. तुझ्या चौकीवरची थंडी. माझ्या अम्मीच्या हातचा शीरखुर्मा. ईदला तू साखऱ्यावर बसून आमच्या गल्लीत आला होतास, टोपी घालून, आणि अम्मी दारातनं ओरडली होती, "अरे, घोडा बाहेर बांध, आत माणसं बसलीत." तू म्हणालास, "आवं अम्मी, त्यालाबी द्या की वाटीभर." कितीदा सांगितलास हा किस्सा! मी तिथंच होतो तरी मलाच सांगायचास.

वडूजच्या बाजूच्या माळावर गेलो होतो तो फेरा मात्र जसाच्या तसा आठवतो. थंडीचे दिवस, ज्वारी हुरड्यात आलेली, तुझ्या मेव्हण्याच्या वस्तीवर मुक्काम. सकाळी खोगीर उचललं तर सुपारीची जखम चांगलीच उघडली होती. रक्त बघून मला रडायला आलं. हो, आलं. तुझ्या साखऱ्यावर दोन्ही खोगिरं लादलीस आणि लगाम धरून चालायला लागलास.

मी म्हटलं, "निवास, तू कशाला चालतोस? बस की साखऱ्यावर. माझी घोडी, मी चालतो."

"वर बसून एकटा कुणाशी बोलू?"

तुझा गुडघा दुखायचा. तू सबंध वाट लंगडत चाललास आणि सबंध वाट भांडलास. खोगीर न्हाई, तूच. तू न्हाई, खोगीर. डॉक्टर पुढच्या वळणावर थांबायच्या, आपण तसेच भांडत आलेले दिसलो की कपाळावर हात मारून परत पुढं जायच्या. गड्या, तेव्हा मी तुला नीट 'थांक्यू' सुद्धा म्हणालो नाही. आपल्यात तसलं म्हणायची रीत नव्हती. आता म्हणतो.

मग तू आजारी पडलास. त्याचं मी काही लिहिणार नाही. मिरजेला मी येत होतो तेवढं सांगतो. दवाखान्याच्या त्या खोलीत खाटेच्या उजव्या अंगाला खुर्ची ठेवलेली असायची. मी आलो की ती उचलून तुझ्या डाव्या अंगाला ठेवायचो, आणि सिस्टर रोज ती परत उजवीकडं. शेवटी सिस्टर मला बघितलं की स्वतःच खुर्ची हलवायला लागली. तुझा आवाज पार खोल गेला होता. मी खुर्चीतनं वाकून तुझ्या कानाशी बोलत होतो, डॉक्टरांच्या घोड्याला नाल मारायला कोण आलं होतं असलं काहीतरी. तू डोळे मिटलेले. एकदम हसलास.

"बघ," म्हणालास. "वाकडाच बसलायस."

मी चिडलो. खरंच चिडलो रं मी, त्या तसल्या वेळीही. म्हटलं, "मरायला टेकलास तरी हट्ट सोडू नकोस." वैनी खिडकीशी उभ्या होत्या, त्या दचकल्या. तू मात्र अजून हसत होतास. माझा हात धरलास आणि तसाच झोपलास. ते आपलं शेवटचं भांडण. त्यानंतर तू बोललास ते वैनींशी आणि पोरांशी.

तुला खांदा दिला. मी कुठल्या अंगाला उभा होतो ते तुला सांगायला नकोच.

तेराव्यानंतर डॉक्टरच दुकानात आल्या. "चला, घोड्यांचे पाय आखडतील." मला जायचं नव्हतं. पण घोडीनं काय घोडं मारलंय माझं, तिला कशाला बांधून ठेवायची? गेलो. कॅनॉलची वाट, मग गाडीवाट. डॉक्टर नेहमीसारख्या पुढं, सुपारी सवयीनं डाव्या चाकोरीत. मी समोर बघत बसलेला. डाव्या-उजव्या कुठल्याच बाजूला बोलायचं नव्हतं. असे फेरे झाले, आणि दर वेळी घरी येऊन खोगीर काढलं की पाठ दोन्हीकडनं सारखी ओली. मी येड्यासारखा बघत बसायचो.

परवा बैलांचा सण, बेंदूर आला. आदल्या दिवशी वैनींचा फोन. "हसनभावजी, औंदा आमच्यात सण न्हाई. पर जित्राबाला काय ठावं दुखवटा? साखऱ्याचं खांदं तरी मळा येऊन."

तुझी ही रीत अख्ख्या गावाला ठाऊक. दावणीला बैल उरला नाही, म्हणून तू बेंदराच्या आदल्या दिवशी घोड्यांचं खांदमळण करायचास. बैलाच्या खांद्यावर जू बसतं तिथं हळद-लोणी चोळतात, तसं तू खोगीर बसतं तिथं चोळायचास. सुपारीच्या त्या उजव्या अंगाला तर किती माया लावायचास. "माफ कर गं बाय, तुझा मालक वाकडा हाय." साखऱ्याला मात्र तू कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. धुणार तूच, मळणार तूच, झूल घालूनच बाहेर आणणार. झूल मी शिवलेली, त्यामुळं मला वाटायचं, माझी झूल मिरवतोय. फुगायचो मी.

मी साखऱ्याला विहिरीवर नेलं. बादल्या ओतल्या, खरारा केला. पांढरा घोडा भिजला की केस चिकटतात आणि खालची काळी कातडी दिसायला लागते, हे तुला माहीत, मला माहीत नव्हतं. सगळं अंग काळपट दिसायला लागलं. फक्त पाठीच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूला, एक गुलाबी डाग. तळव्याएवढा. जुन्या जखमेचा. सुपारीचा उजवीकडं होता, बरोब्बर तिथंच, पण डावीकडं.

मी बादली खाली ठेवली. गोठ्यात जाऊन खुंटीवरचं तुझं खोगीर काढलं आणि उलटं केलं. डाव्या फळीखालच्या नमद्याला भोक पाडलेलं. डागाएवढंच गोल, तिथं दाब येऊ नये म्हणून. कड उसवू नये म्हणून वरनं टाके घातलेले. कसले टाके! पोत्याच्या सुईनं, जाड दोऱ्यानं, एक इथं एक तिथं. माझ्या दुकानात असलं काम कुणी केलं असतं तर मी हाकलून दिलं असतं.

चोरा! मला जन्मभर वाकडा म्हणालास आणि स्वतः?

मी तिथंच, ओल्या जमिनीवर बसलो. वैनी धावत आल्या, काय झालं म्हणून. मी त्यांना खोगीर दाखवलं. त्या म्हणाल्या, "व्हय, ते शिवत बसलं हुतं एकदा. मी म्हटलं, भावजींकडं टाका की. तर म्हणालं, त्याला दावू नगंस. त्याला कळलं तर तो सरळ बसंल."

एवढंच म्हणालास म्हणे. वैनींना त्यातलं काही कळलं नव्हतं. मला सगळं कळलं. दोन चाकोऱ्या. डावीतनं मी उजवीकडं वाकलेला, कारण तुला ऐकू जायला पाहिजे. उजवीतनं तू डावीकडं वाकलेला, कारण तुला ऐकायचं होतं. एकटा रानात फिरलो तेव्हा मी सरळच बसलो होतो. तिथं कुणाशी बोलायचं नव्हतं. तू ते बांधावरनं बघितलंस, रिकिबीची वादी बघितलीस, साखऱ्याची पाठ बघितलीस, आणि तुला कळून चुकलं. वाकडा बसतोस, वाकडा बसतोस म्हणत राहिलास, घोडीची दया येत होती म्हणून. पण का वाकतोस ते कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी खरंच सरळ बसलो असतो. मग माझं अर्धं बोलणं त्या गवतात पडलं असतं.

आता तुझ्यावर चिडू का रडू? दोन्ही केलं. डॉक्टरना फोनवर सांगितलं, त्यांनी डाग कुठल्या बाजूला ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या घोड्याच्या पाठीला कधी काही झालं नाही. मी पुढं एकटी असायचे." आणि फोन ठेवला.

साखऱ्याच्या डागावर मी हळद-लोणी चोळलं. जखम कधीच भरलीय, तरी चोळलं. सुपारीच्या उजव्या अंगालाही. वैनी म्हणाल्या, "ह्यालाबी घिऊन जात जावा तुमच्यासंगं. गोठ्यात उभा राहून राहून वाळाय लागलाय." खोगीर मात्र त्याला अजून घातलेलं नाही. ते दुकानात माझ्या मशीनशेजारी ठेवलंय. नमद्याला भोक दिसलं की माझे हात शिवशिवतात, हे तुला ठाऊक आहे. तरी ते भोक मी शिवणार नाही. तुझे ते भिकार टाकेही काढणार नाही.

काल गाडीवाटेनं आलो. डॉक्टर पुढं. मी सुपारीवर डाव्या चाकोरीत, आणि साखऱ्या दोरीवर उजव्या चाकोरीत, मोकळ्या पाठीनं. टेकाडाशी ज्वारीची पेरणी चालली होती. कुणीतरी पाभरीमागनं हात केला आणि मी बोलायला तोंड उघडलं, "निवास, ते बघ," आणि वाकलो. घोडीनं लगेच पाठ आखडली. तिच्या ध्यानात होतं.

मी परत नीट बसलो. घरी येऊन खोगीर काढलं, पाठ दोन्हीकडनं सारखी ओली. वाद तू जिंकलास. खोगीर झकास होतं आणि मीच वाकडा होतो. घोडीसाठी चांगलं झालं. माझ्यासाठी न्हाई.

सरळ बसतोय आता, निवास. बघ येऊन.